पाच बाळंतपणं झालेला लामिडी

इसाले-ओपे,
सोमवार, २४ जानेवारी २०००

आराबा,

आधी आमच्या बकरीची बातमी सांगते, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. काल संध्याकाळी अख्ख्या गल्लीने अशी आरोळी ठोकली, की बिचारी दावं तोडून पळाली ती थेट चर्चच्या अंगणात सापडली. ट्युनिशियाला चार गोल मारले म्हणे आमच्या पोरांनी. ही स्पर्धा तुमच्या घानातही चालू आहे ना? मग तुमच्याकडच्या बकऱ्यांचे काय हाल आहेत ते कळव.

मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण दुसरा दुखत नाही, म्हणून त्याच्यावर भार टाकते. चौकातलं माझं भजीचं दुकान आहे तिथेच आहे. सकाळी आकाराची भजी आणि आंबील, दुपारी झोप. तू गेल्याला सतरा वर्षं झाली तरी कुणी जुनं गिऱ्हाईक आलं की विचारतं, ती घानावाली शिवणारीण कुठे असते गं आता? मी सांगते, केप कोस्टला असते, समुद्राकाठी, आणि अजून माझ्याशी भांडते.

आता खरी गोष्ट. माझ्या सुंकानमीची लेक तिनुआदे माझ्याकडे आली आहे. तुझ्या मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात झोपायची, तीच ती. पहिलटकरीण आहे, आठवा चालू आहे. नवरा ट्रक चालवतो, कधी येतो कधी येत नाही. आई-बाप लागोसला धंद्यात. म्हणून मी म्हटलं, आण तिला इकडे, आपल्या गल्लीच्या टोकाला बाळंतपणाचा दवाखाना आहे, चार पावलं चाललं की झालं. तुझा क्वेसी जिथे झाला तोच पिवळा दवाखाना. पण बाई, तो बंद आहे! जुन्या नर्सबाई निवृत्त झाल्या त्याला किती दिवस झाले. नव्या वर्षाला रेडिओवर सांगितलं, इसाले-ओपेला नवीन नर्स देण्यात आली आहे. नवी पाटीही लावली, निळी, वर आई आणि बाळाचं चित्र. इतकी सुंदर पाटी, की लोक मुद्दाम बघून आले. दाराला मात्र कुलूप. मोठं इस्पितळ गावाच्या पार पलीकडे, आणि मधला रस्ता म्हणजे नुसते खड्डे. कळा सुरू झाल्यावर पोरीला भाड्याच्या मोटरसायकलवर बसवून नेणार का मी? या विचाराने माझी भजी करपतात हल्ली.

बरं, आता मजा ऐक. माझ्या दुकानाला खेटून पेपरवाला बसतो, ओयेवोले. पेपर विकत घेणारा दिवसाला एखादा. बाकी सगळे उभ्याउभ्या मथळे वाचतात आणि भांडतात. त्यांनी स्वतःचं नावच ठेवलंय, फुकट वाचक संघ. एक म्हणतो पेट्रोल महागणार, दुसरा म्हणतो वीज यायची आता, निवडून आलेल्या लोकांचं राज्य आहे तर, तिसरा म्हणतो आधी त्या गोऱ्या कोचला घरी पाठवा. त्यात सगळ्यात मोठा आवाज लामिडी पंक्चरवाल्याचा. तू इथे होतीस तेव्हा चड्डीशिवाय तुझ्या दुकानासमोर फिरायचा तो. आता एवढी दाढी आहे.

तर परवा तिथे पेपरात लिहिणारी पोरगी आली, गळ्यात कॅमेरा. म्हणाली, "साध्या माणसांची मतं हवीत. लष्कर गेलं, आता आपलं सरकार आलं, तुम्हाला काय वाटतं? आणि कप आपण जिंकू का?" एरवी चौक डोक्यावर घेणारे, पण मत मागितल्यावर एकेकाला खोकला यायला लागला. लामिडी तेवढा बोलला, तो फुटबॉलवर. मग ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "आजी, तुम्ही?" मी झारा खाली ठेवला आणि दवाखान्याचं सगळं सांगून टाकलं. फोटो काढायच्या आधी डोईचा रुमाल नीट बांधून घेतला.

शनिवारी छापून येईल म्हणाली. आपली कापडवाली मुलिकात गठ्ठ्यांबरोबर त्याच दिवशी निघते आहे, तिच्याकडे हे पत्र देते.

तुझी,
आवेरो

———

केप कोस्ट,
२ फेब्रुवारी

आवेरो,

पत्र मिळालं. बकऱ्या आमच्याकडे शांत आहेत, कारण आमच्याकडची माणसं तुमच्याएवढी ओरडत नाहीत.

पण तुझ्यावर मी रागावले आहे आणि का ते आता ऐक. मुलिकातने तुझ्या पत्राबरोबर पेपरचा तुकडाही आणला. स्टँडवर घेतला म्हणे, आणि तुझा फोटो तेवढा फाडून ठेवला, बाकीच्या कागदात तिने मासळी बांधली. फोटो छान आला आहे. रुमाल वाकडा आहे. आणि खाली काय लिहिलंय? मी क्वेसीकडून दोनदा वाचून घेतलं, म्हटलं माझा चष्मा बदलायला झाला असेल. "आपली मागची फळी झोपते. मधला पोरगा चेंडू पायाला चिकटवून ठेवतो. माझ्या हातात असतं तर दोघांना संघातच घेतलं नसतं."

आवेरो! ती पोरगी आठव्या महिन्यात, दाराला कुलूप, आणि सगळा देश ऐकायला बसलेला असताना तू मागच्या फळीवर बोललीस? मला पत्रात लिहितेस की दवाखान्याचं सांगितलं, आणि पेपरात भलतंच. माझ्याशी खोटं कशाला बोलायचं? भीती वाटली असेल तर तसं सांग. मी समजू शकते. तुमच्या सरकारने आम्हा घानावाल्यांना एका रात्रीत चंबूगबाळं उचलायला लावलं तेव्हा मी तुझ्याच ओट्यावर बसून पेटी भरली होती. नाव आणि फोटो सरकारच्या हाती द्यायला मीही दहा वेळा विचार केला असता. पण मग तसं सरळ लिही. तू फुटबॉल बघतेस कधीपासून?

तिनुआदेला पाय उशीवर ठेवून झोपायला सांग. मी अंगडी शिवायला घेतली आहेत.

आराबा

———

इसाले-ओपे,
मंगळवार, ८ फेब्रुवारी

अगं वेडे, अगं शहाणे, आराबा!

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की तिनुआदे आतून धावत आली. तिला धावायला मनाई आहे, तिलाही ओरडले आणि पुन्हा हसले. मुलिकातची मासळी ज्या कागदात गेली ना, त्यातच माझं मत गेलं! अगं, छापणाऱ्यांनी फोटोंची अदलाबदल केली. माझ्या फोटोखाली लामिडीचं फुटबॉल, आणि लामिडीच्या फोटोखाली माझा दवाखाना. आणि मी त्या पोरीला काय सांगितलं होतं? शब्दाला शब्द छापलंय. "दवाखान्याला पाटी आहे, पण नर्स नाही. बाळंतपण म्हणजे काय ते मला विचारा. माझी स्वतःची पाच बाळंतपणं झाली आहेत." आणि वर फोटो कुणाचा? दाढीवाल्या लामिडीचा, हातात हवा भरायचा पंप.

शनिवारी सकाळी ओयेवोलेने पेपर टांगला मात्र, फुकट वाचक संघाने चौकात लोळण घेतली. त्या दिवशी एका सभासदाने चक्क पेपर विकत घेतला, यावरून काय ते समज. तेव्हापासून लामिडीला सुखाने एक पंक्चर काढता येत नाही. "काय लामिडीबाई, सहावा कधी?" "लामिडी, जरा बस, ओझं उचलू नकोस, पाच झालेत तुझे." ट्रकवाले खिडकीतून ओरडतात, "दूध पुरतंय ना रे?" बिचारा म्हणतो, "आजी, माझं लग्नसुद्धा झालेलं नाही!"

मला मात्र मान मिळतोय. पोरं वाकून नमस्कार करतात आणि विचारतात, "कोचआजी, उद्याच्या मॅचला पुढे कोण हवा?" मी म्हणते, "जो पळेल तो." ते माना डोलावतात. काल सेनेगलबरोबर जादा वेळेत जिंकलो. एकजण येऊन म्हणाला, "आजी, तुम्ही म्हणालात तसंच झालं, जो पळाला त्यानेच मारला." तुम्ही दक्षिण आफ्रिकेकडून हरलात ते ऐकलं. वाईट वाटलं, खरंच. जास्त नाही, थोडं.

आता पुढचं ऐक, आणि हसू नकोस. कौन्सिलचे चेअरमन फुटबॉलवेडे आहेत. त्यांनी पेपर वाचला. त्यांचा माणूस आला, बूट घालून, माझ्या कढईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "चेअरमनसाहेब म्हणतात, आपण अंतिम सामन्यात पोहोचलो तर कौन्सिलच्या हॉलमध्ये मोठ्या टीव्हीवर गावातल्या मान्यवरांबरोबर बघायचं आहे. कोचआजीला पहिल्या रांगेत खुर्ची." मी म्हणणार होते, बाबा, ते मत माझं नाही. तेवढ्यात तिनुआदे दारात दिसली, कमरेवर हात ठेवून उभी. तिचे पाय सुजलेत गं. मी तोंड मिटलं. म्हटलं, येते.

आता लामिडी रोज दुपारी मला शिकवतोय. भजी मांडून दाखवतो, ही मागची फळी, ही मधली. मागच्या फळीतली दोन मी खाल्ली तर चिडला. मीही त्याला शिकवते, कारण बायका वाटेत थांबवून त्याचे आभार मानतात आणि सल्ला विचारतात. परवा एकीला म्हणाला, "ताई, लोखंडाच्या गोळ्या चुकवू नका." बरोबर सांगितलं, मी तपासलं.

पण रात्री... नाही, दिवसासुद्धा विचार येतो. ते मला फुटबॉलसाठी बोलावतायत. तिथे मी उठून दवाखान्याचं बोलले तर म्हणतील, ही म्हातारी फसवून आत शिरली. नाही बोलले तर मग त्या खुर्चीचा उपयोग काय? तू काय म्हणतेस?

आवेरो

———

केप कोस्ट,
११ फेब्रुवारी

आवेरो,

घाईत लिहिते, बसवाला थांबला आहे.

रागावल्याबद्दल माफ कर. लामिडीला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं जपून राहा, पाच म्हणजे काही कमी नाहीत. क्वेसीची बायको हे ऐकून तव्यासमोर खाली बसली.

काल तुम्ही दक्षिण आफ्रिकेला हरवलंत. आमचं उट्टं काढलंत, म्हणून यावेळी तुमच्या बाजूने आहे. फक्त यावेळी.

जा आणि बस. खुर्ची परत करू नकोस. आणि जे बोलायचं ते सामना सुरू व्हायच्या आधी बोल, पुरुष हसत असतात तेव्हाच. नंतर हरले तर कुणाला कान राहणार नाहीत आणि जिंकले तर अजिबातच नाहीत.

आराबा

———

इसाले-ओपे,
मंगळवार, १५ फेब्रुवारी

आराबा,

तुझं पत्र काल मिळालं, म्हणजे सामन्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि मी नेमकं तुझ्या उलट केलं! पण बरं झालं. सगळं क्रमाने सांगते, मध्ये भरकटले तर ओरडू नकोस.

रविवारी मी चर्चचे कपडे घातले. निळं, तू शिवलेलं, कमरेत उसवून वाढवलंय. लामिडी माझ्याबरोबर आला, मी सांगितलं हा माझा माणूस आहे, मला जिना चढवतो. हॉलमध्ये थंड पाण्याच्या बाटल्या, पंखे, दोन पाद्री, एक इमाम, शाळेचे मुख्याध्यापक आणि मी. चेअरमन चांगला माणूस दिसतो गं, जाडजूड, हसरा. मला हाताला धरून बसवलं. म्हणाला, "आई, आज काय होणार?" मी लामिडीने पढवलेलं म्हटलं, "मागची फळी जागी राहिली तर ठीक." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मागची फळी झोपली! कॅमेरूनने दोन मारले. चेअरमन माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मी त्यांना अंगाई म्हटली. मग आपण एक मारला, मग लगेच दुसरा. इमाम आणि पाद्री एकमेकांच्या गळ्यात पडले. मी बोलायला तोंड उघडलं की कुणीतरी किंचाळायचं. असं करता करता बरोबरीत संपलं आणि मग ती एकेकाने येऊन मारायची पद्धत असते ना, ती सुरू झाली. मला ती बघवत नाही. एक पोरगा, समोर एक पोरगा, आणि सगळा देश त्याच्या पाठीवर.

तू बघितलं असशीलच. आपल्या एकाने मारला, तो वरच्या दांडीला लागला, खाली आला, आणि आत पडला. आत, आराबा! आत पडून बाहेर आला. पंच म्हणाला नाही. मग आपण हरलो.

हॉलमध्ये काय झालं ते तुला सांगता येणार नाही. मुख्याध्यापक रडले. चेअरमन टेबलावर मुठी आपटायला लागला. "आत होता! मी माझ्या डोळ्यांनी बघितला! सगळ्या जगाने बघितला! जे आत आहे त्याला बाहेर म्हणायचं? त्याला डोळे नाहीत? जाऊन बघायला काय झालं होतं त्याला?" सगळे ओरडले, "आत होता, साहेब, आत!"

आणि माझे पाय आपोआप उभे राहिले. दुखरा गुडघासुद्धा. मी म्हटलं, "चेअरमनसाहेब, मीही बघितला. आतच होता. पण आमच्या गल्लीत याच्या उलटं झालंय. आमची नर्स बाहेर आहे, आणि तुमचा रेडिओ म्हणतो आत."

चेअरमन माझ्याकडे वळला.

चेअरमन म्हणाला, "कुठली नर्स?"

मी म्हटलं, "पिवळ्या दवाखान्यातली. पाटी आली, नर्स नाही आली. माझी नात पहिलटकरीण आहे, महिनाभर राहिलाय. तुम्ही स्वतः या आणि बघा. पंचासारखं लांबून ठरवू नका."

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "हे मत तर पेपरात पंक्चरवाल्याचं होतं!" आणि माझा लामिडी, देव त्याचं भलं करो, पुढे झाला, छाती फुगवून म्हणाला, "हो. माझंच आहे. माझ्या फोटोखाली आहे." कुणी तरी ओरडलं, "मग ती पाच बाळंतपणं?" तो म्हणाला, "तीही माझ्याच नावावर छापलीत, मी काय करू?"

आराबा, जो हशा पिकला! हरलेली माणसं, डोळे लाल, आणि पोट धरून हसतायत. चेअरमनने डोळे पुसले. हसण्याचे की रडण्याचे, त्यालाच ठाऊक. म्हणाला, "म्हणजे दवाखाना आईंचा आणि फुटबॉल तुझं?" लामिडी म्हणाला, "हो साहेब. मागची फळी मीच म्हणालो होतो." "मग तू पहिल्या रांगेत का नाही बसलास?" "मला बोलावलं नव्हतं, साहेब."

चेअरमन मला म्हणाला, "उद्या सकाळी येतो. भजी ठेवा."

आणि खरंच आला! काल सकाळी, गाडीतून नाही, चालत, कारण आमच्या रस्त्यावर गाडी येत नाही हे त्याला गाडीत बसल्यावर कळलं. भजी खाल्ली, दोनदा मागितली. बरोबर सेक्रेटरी आणि किल्ल्यांचा जुडगा घेतलेला माणूस. मागे सगळा फुकट वाचक संघ. दवाखान्याचं कुलूप उघडलं तर आत काय असेल सांग. प्लॅस्टिकच्या खुर्च्या! छतापर्यंत. मंडपाची कापडं, निवडणुकीचे फलक, ज्यांच्यावर चेअरमनच हसतोय. तो स्वतःकडे बघत उभा राहिला जरा वेळ.

मग विचारलं, "नर्स कुठे आहे?"

सेक्रेटरी म्हणाला, "ऑफिसात आहे, साहेब."

"कुठल्या?"

"आपल्याच. इथली किल्ली आरोग्य खात्याकडे नव्हती, भांडार खात्याकडे होती. तेव्हा बाई नव्या वर्षापासून आपल्या ऑफिसात बसतात. खिडकीजवळ. तुम्हाला रोज गुड मॉर्निंग म्हणतात, साहेब."

चेअरमन म्हणाला, "ती बाई? मला वाटलं ती कुणाची तरी बायको आहे, वाट बघतेय."

कुणी हसलं नाही. सगळे जमिनीकडे बघत होते, खांदे मात्र हलत होते.

तो म्हणाला या आठवड्यात काम होईल. मग किल्लीवाल्याने पुन्हा कुलूप लावलं, कारण खुर्च्या चोरीला जातील. आता संघात दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात होईल, अर्धे म्हणतात चेअरमन पुढच्या कपपर्यंत येत नाही. माझं मत मी कुणाला सांगितलं नाही.

आवेरो

———

केप कोस्ट,
२० फेब्रुवारी

आवेरो,

माझं वाचून झाल्यावर क्वेसीने वाचलं, मग शेजारणीने. आता माझ्या दुकानात कुणी वाट बघत बसलेलं दिसलं की आम्ही म्हणतो, ही नर्स तर नाही ना?

पण कुलूप परत लावलं हे मला आवडलेलं नाही. साहेब आले, भजी खाल्ली, हसले, गेले, असं मी आयुष्यात पुष्कळ बघितलं आहे. आपल्या दोघींच्या देशांत. मी तुझ्या जागी असते तर तिनुआदेला लागोसला पाठवलं असतं, तिच्या आईकडे, आत्ताच, चालता येतंय तोवर. मानापमानाचा प्रश्न करू नकोस. तू जिंकलीस हे मला मान्य आहे. पण बाळाला तुझी जीत कळत नाही, त्याला नर्स लागते.

सहा अंगडी आणि एक टोपडं पाठवते. टोपड्याची लेस तुझ्या निळ्या कपड्याची उरलेली आहे. ठेवली होती मी.

आराबा

———

इसाले-ओपे,
बुधवार, १५ मार्च

आराबा, माझी आराबा,

मी पणजी झाले. हे वाक्य मी आठवडाभर गिऱ्हाईकांना सांगतेय, बकरीलासुद्धा सांगितलं. मुलगी आहे. आता क्रमाने.

तुझं पत्र आल्यावर मी खरंच तिनुआदेचं सामान बांधलं. तू बरोबर होतीस, मी रुसून बसले होते. बसचं ठरवलं, पोरगी रडली, मीही रडले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संघ आला. सगळे. लामिडी पुढे. म्हणाला, "आजी, किल्ली मिळालीय. चेअरमनने दिली. पण खुर्च्या उचलायला भांडार खात्याची माणसं पुढच्या महिन्यात येणार आहेत." मी म्हटलं, "मग?" तो म्हणाला, "मग आम्ही काय मेलोय?"

अगं, त्या माणसांनी अख्खा दिवस खुर्च्या वाहिल्या. आणि तोंडं? प्रत्येक खुर्चीगणिक एक मत. याला कोण जबाबदार, राज्य सरकार की कौन्सिल? गोरा कोच ठेवावा की काढावा? ओयेवोले पेपरवाला भिंत पुसत होता आणि म्हणत होता, "एवढी वर्षं तुम्ही नुसते मथळे वाचलेत, आज पहिल्यांदा आतल्या पानाचं काम करताय." बायकांनी फरशी घासली. माझ्याकडून भजी, अर्थातच.

नर्सबाई पहिल्या मार्चला आल्या. इबिदुन नाव. तरुण आहे, बारीक, चष्मा. आल्या आल्या खिडक्या उघडल्या आणि पहिलं वाक्य काय म्हणाली माहीत आहे? "दोन महिने मी ऑफिसात बसून दहा स्वेटर विणलेत, मला आता काम द्या." स्वेटर! आमच्या उन्हात!

सात तारखेला सकाळी मी झारा धरला होता आणि तिनुआदे मागून म्हणाली, "आजी, पाणी." मला वाटलं प्यायला मागते. मग समजलं. चालत नेली तिला. आराबा, चालत! मध्ये दोनदा थांबली, भिंतीला धरून, एवढंच. सगळा चौक आमच्या मागे. मी आत शिरले तर इबिदुनने मला दंडाला धरून बाहेर काढलं. "आजी, तुम्ही बाहेर." मी म्हटलं, "माझी पाच..." ती म्हणाली, "माहीत आहे, मी पेपर वाचलाय. बाहेर."

बाहेर पायरीवर लामिडी बसला होता, मी त्याच्याशेजारी बसले. बाकीचे उगाच कुजबुजत होते. आत बराच वेळ काही आवाज येईना. तिनुआदेचा आला, मग थांबला. मला तो खड्ड्यांचा रस्ता दिसायला लागला डोळ्यांसमोर. मग रडणं ऐकू आलं, छोटं, चिडलेलं.

नंतर इबिदुनने सांगितलं, नाळ मानेभोवती होती, दोन वेढे. हे तिने असं सांगितलं जसं मी सांगते की आज डाळ जाडी वाटली गेली. मी तिचे हात धरले, तिने सोडवून घेतले, म्हणाली साबणाचे आहेत.

काल आठव्या दिवशी बारसं झालं. मध, मीठ, पाणी, सगळं जिभेला लावलं. घरच्यांनी नावं दिली, एक सुंकानमीने, एक तिनुआदेच्या नवऱ्याकडच्यांनी. तो ट्रक घेऊनच आला, गल्ली अडवून. मग मला विचारलं. बाळ मंगळवारी झालं. तूच मला सांगितलं होतंस, तुमच्यात मंगळवारच्या मुलीला काय म्हणतात ते. म्हणून मी म्हटलं, आराबा. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आमच्या भाषेत आराबा म्हणजे ते प्रचंड मोठं सावरीसारखं झाड, ज्याचा बुंधा कवेत घ्यायला दहा माणसं लागतात. तिनुआदेचा सासरा हळूच म्हणाला, "आई, एवढ्याशा पोरीला एवढं झाड?" मी म्हटलं, "हे झाड केप कोस्टला राहतं, शिवणकाम करतं आणि माझ्यावर ओरडतं." तिनुआदेला आठवली ती चिंध्यांची जागा. तिने मान हलवली. ठरलं. तुझं टोपडं जरा मोठं होतंय, डोळ्यांवर येतं, पण वाढेल ती.

आता सकाळचं सांगते आणि थांबते, कारण डाळ भिजली आहे. आज मी चौकात तळत बसले होते तर दवाखान्याकडून आवाज आला. गेले बघायला. पायऱ्यांवर पाच-सहा बायका, पोटं पुढे घेऊन, पहिली कोण आली यावरून जुंपलेली. शेजारच्या गावाहूनसुद्धा आल्या आहेत. तेवढ्यात इबिदुन बाहेर आली आणि तिने सगळ्यांची अशी खरडपट्टी काढली, रांगेत बसा, गोळ्या का चुकवल्या, नवऱ्याला सांगा मी बोलावलंय, तू एवढं मीठ खातेस म्हणूनच हे पाय. त्या दारात इतक्या दिवसांनी कुणीतरी कुणावर तरी ओरडत होतं.

मी तशीच उभी राहिले ऐकत. पहिला घाणा करपला आज, आराबा, पूर्ण काळा झाला. बकरीला घातला.

तुझी,
आवेरो